वैजयंताची भरपाई

हाटकेशच्या चाळीत आम्ही १९८८ साली राहायला आलो. गिरगावातली खोली धाकट्या दिरांकडे राहिली आणि आमच्या वाट्याला मीरा रोडची ही बैठी चाळ आली. वर सिमेंटचे पत्रे, समोर मोकळं माळरान, मागं छोट्या कारखान्यांच्या शेड. सामान उतरवलं त्या दिवशी माझ्या स्टोव्हची पिन सापडेना. पोरं भुकेली, मी घामाघूम. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई न विचारता चहाचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, आधी च्या घ्या. पिन उद्या बी सापडंल."

ती वैजयंता खिल्लारे. परभणीकडची, जिंतूर तालुक्यातली. नवरा कोंडिराम घोडबंदरच्या खाडीत रेतीच्या होडीवर कामाला. बुडी मारून बादलीनं रेती वर काढायची आणि होडी भरायची. त्या कामानं त्याची पाठ चाळिशीच्या आतच गेली होती, महिन्यातले निम्मे दिवस तो घरीच असायचा. वैजयंता मागच्या भांड्यांच्या कारखान्यात होती. पॉलिशवरून आलेली भांडी लाकडाच्या भुश्यानं पुसायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात भरायची. संध्याकाळी घरी आली की कपाळावर काळपट भुकटीची रेघ असायची. रविवारी सकाळी मात्र पांढरं लुगडं नेसून, साक्षीला, म्हणजे तिच्या मुलीला, हाताशी धरून ती काशिमिऱ्याच्या विहारात जायची.

आवाज मोठा होता तिचा. बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण कुणाला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाचं बाळंतपण अडलं, की लोक आधी तिचंच दार वाजवायचे. राग मात्र नाकावर. आला की आला, आणि गेला की तिलाच वाईट वाटायचं.

चाळीला नळ नव्हता. दिवसाआड नगरपालिकेचा टँकर यायचा, तोही वेळेवर नाही. उन्हाळ्यात तर टँकरचा हॉर्न ऐकला की बायका हातातलं लाटणं टाकून धावायच्या. पाइप एकच. ज्याच्या हाती पाइप त्याचं पाणी.

१९८९च्या मे महिन्यात ते झालं. मी कचेरीत होते. संध्याकाळी आले तेव्हा चाळीत चिटपाखरू नव्हतं आणि वैजयंताच्या दाराला कुलूप होतं. पुढं कोर्टात सगळ्यांनी सांगितलं, आणि तिनंही मला सांगितलं, ते असं.

तीन दिवस टँकर आला नव्हता. चौथ्या दिवशी आला तो अर्धा भरलेला. साक्षी सकाळपासून कॅन लावून उन्हात उभी होती. चौथ्या खोलीतल्या हंसाबेननं तिचा कॅन पायानं बाजूला सरकवला आणि आपला पिंप पुढं घेतला. हंसाबेन भावनगरकडची, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी तिच्या घरी सासूला ताप होता आणि प्यायलाही पाणी नव्हतं. साक्षी रडत आईला हाक मारायला कारखान्यात गेली. वैजयंता तशीच आली, दारातला हंडा उचलला आणि पाइप धरला. हंसाबेननं तो ओढला. दोघी ओढत राहिल्या आणि पाणी मातीत जात राहिलं. हंसाबेननं हिसका दिला तसा पाइपचं लोखंडी तोंड साक्षीच्या कपाळावर बसलं. पोरगी किंचाळली. वैजयंताच्या दुसऱ्या हातात रिकामा हंडा होता. तोच तिनं फिरवला.

हंडा कारखान्यातला होता, सेकंडचा. त्याची कड वळवलेली नव्हती म्हणून तिला स्वस्तात मिळाला होता. ती कड हंसाबेनच्या डाव्या डोळ्यात गेली.

"ती कड मला ठावं होती, ताई," वैजयंता पुढं कितीतरी वेळा म्हणाली. "माझीच बोटं दोनदा कापली व्हती तिनं."

पोलिसांनी तिला त्याच दिवशी नेलं. पहिलं कलम घातक हत्याराचं लावलं, त्यामुळं जामीन लगेच झाला नाही. बारा दिवस ती ठाण्याच्या तुरुंगात होती. मुंबईतल्या एका धर्मादाय इस्पितळात हंसाबेनच्या डोळ्यावर दोन ऑपरेशनं झाली, पण नजर गेली ती गेलीच.

सुटून आल्यावर वैजयंता पहिल्यांदा गेली ती चौथ्या खोलीच्या दाराशी. गुणवंतभाईंनी, हंसाबेनच्या नवऱ्यानं, दार अर्धं उघडलं, तिला पाहिलं आणि लावून घेतलं. ती बराच वेळ तिथंच उभी होती. मग घरी आली आणि तो हंडा उचलून तिनं मागच्या डबक्यात फेकला. पोलिसांनी दुसराच हंडा जप्त करून नेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. पण तिनं कोर्टात त्यावर कधी बोट ठेवलं नाही.

विहारात जाणं तिनं थांबवलं नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं एकदा मला सांगितलं, की सगळे मिळून पंचशील म्हणतात तेव्हा वैजयंता पहिल्या शीलाला ओठ मिटून घेते आणि दुसऱ्यापासून म्हणायला लागते. पहिलं शील हिंसा न करण्याचं.

खटला तीन वर्षं चालला. तारखेला आम्ही काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याच्या एसटीनं ठाण्याला जायचो, कोर्टनाक्याला उतरायचो. मी दर वेळी नाही, पण जमेल तेव्हा रजा टाकून जायचे, कारण कागद वाचायला तिला कुणीतरी लागायचं. कोंडिरामनं कोर्टाच्या आवारातच एक वकील गाठला होता. तो तिला म्हणायचा, "बाई, तुम्ही काही मारलं नाही. धक्काबुक्कीत लागलं. एवढंच बोलायचं."

"पर म्या मारलं ना."

"ते आपण बोलायचं नसतं."

मग ती काहीच बोलली नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही मान खाली घालून उभी राहिली.

निकाल लागला जुलै १९९२ मध्ये. घातक हत्याराचं कलम टिकलं नाही, पण गंभीर दुखापतीचं टिकलं. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे?" तिचा वकील तेव्हा दुसऱ्या कोर्टात होता. ती म्हणाली, "पोरगी लहान आहे, साहेब." बस्स. मग सरकारी वकील उठले. फिर्यादी बाईचा कायमचा डोळा गेला, इलाजाला फार खर्च आला, आरोपीकडून चाळीस हजार रुपये भरपाई मिळावी, असं म्हणाले आणि बसले. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. तीन महिने साधी कैद, आणि फिर्यादीला चाळीस हजार रुपये भरपाई तीन महिन्यांत. न भरल्यास आणखी सहा महिने कैद. अपिलासाठी मुदत आणि जामीन मिळाला.

बाहेर वऱ्हांड्यात मी तिला तो कागद वाचून दाखवला. तीन महिन्यांचं तिनं मान हलवून ऐकलं. चाळीस हजार म्हटल्यावर तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. महिन्याला तिला सहाशे मिळायचे.

"हे कुणी ठरवलं?"

"कोर्टानं."

"कुणाला इचारून?"

मी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

त्या रात्री त्यांच्या घरी भांडण झालं, ते भिंतीतून ऐकू येत होतं. कोंडिरामचं म्हणणं, खोली विकून टाकू आणि गावी जाऊ. ती म्हणत होती, गावी काय आहे? साक्षी सातवीत आहे, तिला काढून कुठं घालणार? शेवटी तिनं त्याला सांगितलं, "म्या बसते सहा महिने. तीन आन् सहा. नऊ महिने तर बाई पोटात लेकरू बी वागवती."

दुसऱ्या दिवशी गुणवंतभाई दाराशी आले. आवाज चढवला नाही. "वैजयंताबेन, जो हुआ सो हुआ. पैसा दे दो, बात खतम करो. मैं आगे नहीं जाऊंगा." त्यांना नाक्यावर बॅगांचं छोटं दुकान घ्यायचं होतं, डिपॉझिट भरायचं होतं, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. वैजयंता म्हणाली, "भाई, भाभीला कसं आहे?" ते म्हणाले, "कैसा होगा?" आणि गेले.

आमच्या कचेरीतल्या एकानं मला सांगितलं, की ठाण्याच्या कोर्टात गरिबांसाठी सरकारतर्फे वकील मिळतो. अर्ज केला. नेमणूक झाली ती मृणालिनी टिपणीस या वकीलबाईंची. पस्तिशीच्या असतील. कोर्टाच्या मागच्या बाजूला एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. त्यांनी निकाल सावकाश वाचला आणि विचारलं, "तुम्ही मारलंत का?"

"व्हय."

"मग अपिलात काय मागायचं?"

वैजयंतानं त्यांच्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "मला जेल मान्य आहे, बाई. मला पैशे बी द्यायचेत. पर चाळीस हजार कुठून आले, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्याकडं किती हायेत, हेबी कुणी इचारलं नाही. असं कसं?"

"त्यापेक्षा सहा महिने बसेन, असं म्हणत होती ही," मी मधेच बोलले.

टिपणीसबाईंनी कागद खाली ठेवला. "तुम्ही बसलात तर हंसाबेनला काय मिळेल?"

वैजयंतानं वर पाहिलं.

"तुम्ही आत, कामावरून काढलेल्या, पगार बंद. त्यांच्या हाती काय येईल? रिकामी करवंटी." मग त्या समजावून सांगू लागल्या. भरपाई द्यायला लावायचा अधिकार कोर्टाला आहे, आणि तो असायलाच हवा. पण नुकसान खरंच किती झालं आणि देणाऱ्याची ऐपत काय, हे बघून रक्कम ठरवायची असते. त्यासाठी दोघांनाही विचारायला लागतं. गुन्हा मान्य केला तरी रकमेबद्दल बोलायचा आरोपीचा हक्क जात नाही. "नुसत्या तेवढ्यावर अपील करता येतं. पण एक लक्षात ठेवा, लोक नावं ठेवतील."

लोकांनी ठेवलीच. एकीचा डोळा घेतला आणि आता पैशाला नाही म्हणते. टँकरला ती उभी राहिली की बायका सरकून उभ्या राहायच्या. विहारातल्या एका जाणत्या माणसानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "वैजयंताबाई, समाजाची इज्जत जाते. वर्गणी काढू थोडी, देऊन टाका." ती त्याला म्हणाली, "दादा, वर्गणीनं फिटंल का ते? मारलं म्या. द्यायचं बी मलाच. माझ्यानं होईल तेवढं ठरवून द्या, एवढंच मागते मी." माझ्या घरातही मला ऐकवलं गेलं, की तू कशाला त्या बाईमागं फिरतेस. मी फिरत राहिले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पुरतं पटलं नव्हतं. हंसाबेन डोळ्यावर रुमाल धरून संडासच्या रांगेत उभी असायची, तिच्याकडं बघवत नसे.

अपील उभं राहायला वर्ष गेलं. जिल्हा न्यायाधीश वयस्क होते, कमी बोलायचे. टिपणीसबाई उठल्या. "दोष आम्हाला मान्य आहे. शिक्षेबद्दलही तक्रार नाही. भरपाई ठरवताना माझ्या अशिलाला एक प्रश्नही विचारला गेला नाही. खर्चाचा एकही कागद दाखल नाही. एवढंच म्हणणं आहे."

न्यायाधीशांनी खालच्या कोर्टाचे कागद चाळले. सरकारी वकिलांना विचारलं, "चाळीस हजार हा आकडा कशावरून?"

"फिर्यादीच्या पतीनं सांगितलं होतं, साहेब."

"जबानीत?"

"नाही. तोंडी."

न्यायाधीशांनी वैजयंताकडं पाहिलं. "बाई, तुम्ही भरपाई द्यायला तयार आहात?"

"व्हय, साहेब."

"मग अपील कशासाठी?"

वैजयंतानं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. "साहेब, मला माहीत नसलेलं माझ्या डोक्यावर ठेवलं. वजन किती ते मला कळू द्या. मग म्या उचलते."

निकालात दोष कायम राहिला. कैदेची शिक्षा, आम्ही मागितलं नसतानाही, आधी भोगलेल्या बारा दिवसांवर आणली. आणि भरपाईचा मुद्दा पुन्हा खालच्या कोर्टाकडं पाठवला, दोन्ही बाजूंना ऐकून नव्यानं ठरवा म्हणून. टिपणीसबाई बाहेर आल्या तेव्हा खूश होत्या. वैजयंताच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तिनं विचारलं, "म्हंजी आता भाभीला पुन्यांदा कोर्टात यावं लागंल?"

"हो. त्यांना विचारल्याशिवाय कसं ठरेल?"

तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की तिनं जे मागितलं होतं त्यात हंसाबेनला पिंजऱ्यात उभं करणं होतं. परतीच्या एसटीत गायमुखपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, म्या हे करायला नको व्हतं का?"

"आता माघार घेतलीस तर पुन्हा चाळीस हजार," मी म्हटलं.

ती सुनावणी १९९४च्या जानेवारीत झाली. आधी गुणवंतभाई. टिपणीसबाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, की ऑपरेशनचे पैसे कुणी भरले. त्यांनी आधी सांगितलं, आम्ही भरले. मग इस्पितळाचं नाव विचारलं. मग तिथं गरिबांची ऑपरेशनं फुकट होतात की नाही, ते विचारलं. गुणवंतभाई खाली बघू लागले. दोन्ही ऑपरेशनं ट्रस्टनं फुकट केली होती. औषधं, जाणंयेणं, चष्मा, हा खर्च घरचा. तो हजारांत होता, पण चाळीस हजारांच्या जवळपासही नव्हता.

"मग हा आकडा तुम्ही कशावरून सांगितला?"

"वकीलसाब ने पूछा कितना बोलूं. मैंने बोल दिया." त्यांचा आवाज बसला होता. "मेरी बीवी की आँख है, मॅडम. उसका क्या भाव बोलूं मैं?"

टिपणीसबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि खाली बसल्या.

मग हंसाबेन आली. गुलाबी साडी, पदर डाव्या बाजूनं पुढं ओढलेला. तिनं वैजयंताकडं पाहिलं नाही. पाहायचं तर तिला पूर्ण मान वळवावी लागली असती, कारण वैजयंता तिच्या डाव्या हाताला उभी होती. मॅजिस्ट्रेटही आता दुसरे होते, तरुण. त्यांनी स्वतःच विचारलं, "बेन, तुमचं काय नुकसान झालं, ते तुम्ही सांगा. नवऱ्याचं ऐकलं. तुमचं सांगा."

तीन वर्षं खटला चालला, त्यात हंसाबेनला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिला विचारलं होतं ते हंडा कुणी मारला, कुठं मारला, किती वाजता मारला. तिनं डाव्या बाजूचा पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाली, "साहेब, मैं मोती पिरोती थी."

इमिटेशनच्या माळांचं काम. भाईंदरहून व्यापारी पुडे पाठवायचा, ती दाराशी बसून बारीक सुईनं ओवायची. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. रोज तिच्या दारावरून जायचो आम्ही. पण त्या दिवसापर्यंत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"एक आँख से सुई नहीं दिखती," हंसाबेन म्हणाली. "दिखती है, पर दूर है कि पास, समझ में नहीं आता. धागा बाजू से निकल जाता है. पहले महिने का चार सौ, पाँच सौ मेरे हाथ में आता था. मेरा अपना. उसमें से मैं..." ती थांबली. "मेरे हाथ में आता था, साहेब. अब हाथ फैलाना पडता है."

टिपणीसबाई उठल्या. उलटतपासणीची पाळी त्यांची होती. "बेन, ते काम तुम्ही किती वर्षं..." एवढंच त्यांनी म्हटलं आणि मागून वैजयंताचा आवाज आला.

"नको, बाई."

टिपणीसबाई वळल्या. वैजयंता पांढरीफटक झाली होती. "त्येंना काही इचारू नका. खरं आहे ते. म्या बघितलंय, दारात बसून ओवायच्या."

"वैजयंताबाई, माझं काम मला..."

"तुमचं काम तुम्ही केलं. दवाखान्याचं खोटं व्हतं ते निघालं. पर हे खरं आहे. ह्याचं लावा, साहेब. हे तर लावलंच नव्हतं."

मॅजिस्ट्रेटनी तिला पुढं बोलावलं. पगार विचारला, घरात कमावणारं कोण, खोली कुणाच्या नावावर, नवऱ्याची तब्येत कशी. एकेक उत्तर ती देत गेली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी एवढं विचारत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "महिन्याला किती देऊ शकाल?"

ती म्हणाली, "पगार आता नऊशे आहे, साहेब. निम्मे."

"निम्मे दिल्यावर घर चालेल?"

"चालवंन."

हंसाबेन अजून पिंजऱ्यातच उभी होती. तिनं आता मान पूर्ण वळवून वैजयंताकडं पाहिलं. राग होता, नव्हता, ते मला दुरून कळलं नाही. मग ती मॅजिस्ट्रेटना म्हणाली, "साहेब, एक बात बोलूं? जो भी पैसा देना है, मेरे हाथ में देने को लिखो." गुणवंतभाई बाकावर बसल्या जागी आखडले.

नवा हुकूम झाला पंधरा हजारांचा. घरचा खर्च आणि बुडालेली कमाई धरून, आणि देणारीची परिस्थिती बघून. तीन वर्षांत, महिन्याच्या हप्त्यानं, कोर्टात भरायचे, आणि रक्कम हंसाबेननं स्वतः सही करून घ्यायची. वैजयंतानं बोलून दाखवलेल्या निम्म्या पगारापेक्षा हप्ता थोडा कमीच ठेवला.

टिपणीसबाई म्हणाल्या, "जिंकलात तुम्ही."

वैजयंता त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी अडवलं. बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली ती मटकन बसली आणि रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते पहिल्यांदाच. तुरुंगातून आली तेव्हाही रडली नव्हती, निकालालाही नाही.

"पैशे कमी झाले, ताई," ती म्हणाली, "आन् बोजा वाढला. डोळा गेला, डोळा गेला, असंच म्या म्हणत व्हते. डोळ्यानं ती काय करत व्हती, ते म्या इचारलंच नव्हतं. लोकांनी मला इचारलं नाही म्हणून म्या कोर्टात गेले. पर म्या तरी तिला कवा इचारलं?"

मी तिच्या शेजारी बसले.

तीन वर्षं तिनं हप्ता चुकवला नाही. कारखान्यात सुट्टीच्या दिवशीही जायला लागली, जादा कामाचे पैसे मिळायचे. कोंडिरामनं रेतीचं काम सोडून एका नव्या बांधकामावर रखवालदारी धरली. आजारीपणात एक हप्ता राहील असं वाटलं तेव्हा तिनं कानातलं मोडलं. चाळीत नळ आला १९९६ मध्ये, तोवर बोलणाऱ्या बायकाही दमल्या होत्या. पण पहिल्यासारखं तिचं दार कुणी वाजवलं नाही. तीही पहिल्यासारखी कुणाच्या दारात पातेलं घेऊन गेली नाही. तिचा आवाज बारीक झाला होता. साक्षी मोठी होत होती, आईशी कमी बोलायची. आपल्या कपाळावरची खूण ती केस पुढं घेऊन झाकायची. त्या खुणेसाठी एका बाईचा डोळा गेला होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

हंसाबेन महिन्या दोन महिन्यांनी ठाण्याला जाऊन पैसे घ्यायची. एकटी जायची. त्या पैशांतून तिनं मोठा तवा घेतला आणि खाकरे करून विकायला सुरुवात केली. लाटायला आणि भाजायला सुई लागत नाही, असं ती कुणालातरी म्हणाली होती. गुणवंतभाईंचं दुकान झालं नाही. ते दुसऱ्याच्याच दुकानात राहिले.

दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, चाळीत समोरासमोर आल्या तरी. एकदाच, शेवटचा हप्ता भरायचा होता तेव्हा, मीही वैजयंताबरोबर गेले होते. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली. हंसाबेनही त्याच दिवशी आली होती. तिनं सही केली, नोटा रुमालात बांधल्या. दोघींनाही काशिमिऱ्याचीच एसटी घ्यायची होती. थांब्यावर ऊन रणरणत होतं. हंसाबेन रस्त्याकडं तोंड करून उभी होती आणि वैजयंता येऊन नेमकी तिच्या डाव्या बाजूला, किंचित मागं थांबली. हंसाबेनला ती आहे हे कळलंही नाही. एक टेम्पो अगदी कडेनं गेला तशी ती दचकून मागं सरली आणि वैजयंतावर आपटली.

वैजयंतानं तिला सावरलं, लगेच हात काढून घेतला. मग मागून वळसा घालून ती हंसाबेनच्या उजव्या बाजूला आली आणि तिथं उभी राहिली. हंसाबेननं तिच्याकडं पाहिलं.

"भाभी," वैजयंता म्हणाली, "म्या इकडं हाय."

हंसाबेन म्हणाली, "हां. दिखा." आणि रुमालाची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

एसटी आली. गर्दी होती. वैजयंतानं तिला आधी चढू दिलं.